लिनक्सच्या संगणकावर व्यायामाची नोंदवही

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद केले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप एका तारखेला निकालात निघाले. ज्यांना ते भंगारात घालायचे नव्हते त्यांनी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं आणि बहुतेकांचं भागलंही. ब्राउझर चालतो, हिशेबाचे तक्ते उघडतात, मराठी टायपिंग होतं. अडतं ते पहाटे पळून किंवा सायकल चालवून घरी आल्यावर. घड्याळ केबलने लॅपटॉपला जोडलं की कळतं, गार्मिनचं ‘गार्मिन एक्स्प्रेस’ फक्त विंडोज आणि मॅकसाठी आहे, पोलारचं ‘फ्लोसिंक’ही तसंच, आणि बाकीच्या बऱ्याच कंपन्या संगणक सोडून फोनकडे बोट दाखवतात. मग धावणाऱ्यांच्या ग्रुपवर प्रश्न येतो: लिनक्सवर काय वापरू?

उत्तरादाखल चार-पाच प्रोग्रॅमची नावं येतात. प्रत्येकाचा एक कट्टर भक्त असतो आणि विचारणारा आणखी गोंधळतो. मला वाटतं, नावांपासून सुरुवात करणंच चुकतं. घड्याळ कंपनीचं सॉफ्टवेअर तीन कामं एका पुडक्यात बांधून देतं: नोंद घड्याळातून बाहेर काढणं, ती वाचून तिचा अर्थ लावणं आणि ती वर्षानुवर्षं सांभाळणं. लिनक्सवर हे पुडकं सुटतं. तिन्ही कामांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. हा त्रास आहे हे खरं, पण एकदा तो घेतला की आपल्या व्यायामाची नोंद कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. त्यासाठी आधी पाहायची ती फाइल. प्रोग्रॅम नंतर.

व्यायामाच्या नोंदींच्या तीन फाइल नेहमी भेटतात. जीपीएक्स ही सर्वांत जुनी, 2002 सालची. ती साध्या मजकुराची असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, आणि तिच्यात एकेका बिंदूचे अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ ओळीने लिहिलेले असतात. नकाशावर वाट दाखवणं हे तिचं मूळ काम. हृदयाचे ठोके, पावलांची लय, सायकलची पॉवर यांना तिच्या मूळ आराखड्यात जागाच नाही. ते सगळं पुरवणी म्हणून चिकटवावं लागतं आणि ती पुरवणी प्रत्येक प्रोग्रॅम वाचेलच असं नाही. टीसीएक्स ही गार्मिनने व्यायामासाठी बनवलेली मजकुराचीच फाइल. तिच्यात लॅप आणि ठोके आले, पण आज ती मागे पडली आहे. तिसरी फिट. आजची जवळजवळ सगळी घड्याळं आणि सायकल कॉम्प्युटर हीच लिहितात.

फिट फाइल माणसाला वाचता येत नाही, कारण ती बायनरी आहे. तिच्यात अक्षांश अंशांत नसतो. 180 अंशांचे 2 चा 31 वा घात इतके भाग करून त्यांतला आकडा लिहिलेला असतो. पुण्याचा 18.52 अक्षांश तिथे 22,09,52,206 असा दिसतो. असा एक भाग जमिनीवर एक सेंटिमीटरपेक्षाही लहान असतो. वेळ मोजायला ती 31 डिसेंबर 1989 च्या मध्यरात्रीपासून सुरुवात करते आणि तिथून किती सेकंद झाले ते लिहिते. एवढी काटकसर असल्यामुळे तासाभराच्या धावण्याची, दर सेकंदाला नोंद असलेली फाइल साधारण शंभरेक किलोबाइटमध्ये मावते. आणि त्यात सगळं असतं: लॅप, विराम, ठोके, पॉवर, तापमान, घड्याळाचं मॉडेल, घड्याळाने स्वतः मोजलेलं अंतर. फिटची जीपीएक्स करता येते, पण त्या रूपांतरात यातलं बरंच गळतं. फिट हे धान्य आणि जीपीएक्स हे पीठ. दळलेल्यातून दाणा परत मिळत नाही. म्हणून घड्याळातून निघालेली मूळ फिट फाइल कधी पुसायची नाही. प्रोग्रॅम कुठलाही निवडा, हा नियम पाळला की निवड चुकली तरी काही बिघडत नाही.

आता ती फाइल बाहेर काढायची कशी? इथे लिनक्सवाल्यांनी बऱ्याच खस्ता खाल्ल्या आहेत. 2006 साली आलेलं गार्मिनचं फोररनर 305 यूएसबीला जोडलं की लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, ‘गार्मिन जीपीएस’ हा ड्रायव्हर आपणहून त्याचा ताबा घ्यायचा आणि जो प्रोग्रॅम खरोखर माहिती उतरवणार त्याला दार बंद व्हायचं. उपाय असा की त्या ड्रायव्हरचं नाव काळ्या यादीत घालायचं, म्हणजे तो सुरूच होणार नाही. पुढे 405, 310एक्सटी, 610 यांसारखी घड्याळं केबल सोडून एएनटी नावाच्या बिनतारी पद्धतीने बोलू लागली. त्यांच्यासोबत बोटभर यूएसबी कांडी यायची. लिनक्ससाठी तिचा प्रोग्रॅम कंपनीने दिला नाही. लोकांनी पायथनमध्ये लिहिला. तो चालायचा, फक्त त्या कांडीला सामान्य वापरकर्त्याने हात लावावा म्हणून जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या यूडेव्हचा एक नियम लिहावा लागायचा. कपाटात असं जुनं घड्याळ पडलेलं असेल तर हे सगळं आजही करता येतं.

त्यानंतरची पिढी सर्वांत सोपी. घड्याळ जोडलं की ते पेनड्राइव्हसारखं उघडतं. ‘गार्मिन’ फोल्डरात ‘ॲक्टिव्हिटी’ फोल्डर, त्यात एकेका व्यायामाची एकेक फिट फाइल. काही फोररनर घड्याळांत फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि अगम्य दिसतं, पण त्याला अर्थ आहे: पहिली चार अक्षरं म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि तास, एकेका अक्षरात कोंबलेले, आणि उरलेले चार आकडे मिनिटं-सेकंद. ती फाइल कॉपी केली की काम झालं. कुठला ड्रायव्हर नको, कुठलं खातं नको.

गाणी साठवणारी घड्याळं आल्यापासून मात्र पुन्हा थोडी गुंतागुंत झाली. ती पेनड्राइव्हऐवजी एमटीपी या पद्धतीने जोडली जातात, म्हणजे फोन जोडतो तशी. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये ती दिसतात, पण एमटीपी एका वेळी एकाच प्रोग्रॅमशी बोलतं. फाइल मॅनेजरने घड्याळ उघडून ठेवलं असेल तर व्यायामाच्या प्रोग्रॅमला ते सापडत नाही आणि माणसाला वाटतं की प्रोग्रॅम बिघडला. प्रोग्रॅमला थेट घड्याळाशी भिडवायच्या भानगडीत पडूच नये. फाइल मॅनेजरने फाइल लॅपटॉपवर कॉपी करावी आणि प्रोग्रॅमला तो फोल्डर दाखवावा.

ज्यांचं घड्याळ फक्त फोनशीच बोलतं, त्यांनी फोनच्या ॲपमधून किंवा कंपनीच्या वेबसाइटवरून मूळ फाइल उतरवून घ्यावी. अँड्रॉइडवर ‘गॅजेटब्रिज’ नावाचं मुक्त ॲप आहे. सुरुवात पेबल घड्याळांपासून झाली, पुढे त्यात शाओमी, अमेझफिट असे अनेक आले आणि 2024 मध्ये गार्मिनचीही भर पडली. ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही. घड्याळ आणि फोन यांच्यामध्ये तिसरं कुणी येत नाही. घड्याळच नसेल, फोन खिशात ठेवूनच पळत असाल, तर ‘ओपनट्रॅक्स’ पाहावं. गुगलने 2016 मध्ये ‘माय ट्रॅक्स’ बंद केलं, पण त्याचा कोड खुला होता. त्यातूनच हे उभं राहिलं. फोनमधली फाइल लॅपटॉपवर आणायला सिंकथिंग किंवा केडीई कनेक्ट पुरेसं आहे.

फाइल हातात आल्यावर प्रोग्रॅमकडे वळू. संगणकावर बसवून वापरायचे आणि आजही जोमाने चालू असलेले, खऱ्या अर्थाने व्यायामाचे म्हणता येतील असे दोनच मला मनापासून सुचवावेसे वाटतात: गोल्डनचीटा आणि मायटूरबुक. दोन्ही मोफत आणि मुक्त, दोन्ही विंडोज-मॅकवरही चालतात, आणि दोघांचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत.

गोल्डनचीटा 2006 पासून आहे आणि त्याचं घर सायकलवाल्यांचं. पॉवर मीटरमधून निघणाऱ्या वॉटच्या आकड्यांचं जेवढं विश्लेषण ते करतं तेवढं पैसे मोजूनही फार ठिकाणी मिळत नाही. तुम्ही पाच मिनिटं, वीस मिनिटं, तासभर जास्तीत जास्त किती वॉट काढू शकलात याचा वक्र ते आखतं, त्यावरून तुमची क्रिटिकल पॉवर, म्हणजे बराच वेळ टिकवता येणारी ताकद, काढतं आणि मग एखाद्या घाटात प्रत्येक चढावर तुमची राखीव ताकद किती संपली, उतारावर किती भरून आली हे सेकंदासेकंदाला दाखवतं. त्याचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे कामगिरीचा आलेख. यामागचं गणित एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात मांडलं: प्रत्येक व्यायामाने शरीरात दम वाढतो आणि थकवाही साचतो; दम हळू उतरतो, थकवा लवकर. सध्याच्या रूढ पद्धतीत दमासाठी 42 दिवसांची आणि थकव्यासाठी 7 दिवसांची भारित सरासरी धरतात. स्पर्धेआधी सराव किती आणि कधी कमी करायचा, हे या दोन रेषांकडे पाहून बऱ्यापैकी ठरवता येतं. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने वर्षभराच्या नोंदी एकदा या आलेखात टाकून पाहाव्यात. दुखापत झालेल्या आठवड्याच्या आधी थकव्याची रेषा कशी उभी चढली होती ते तिथे स्पष्ट दिसू शकतं.

पॉवर मीटर नसेल तर गोल्डनचीटा निरुपयोगी ठरतं, असा समज आहे. तो अर्धाच खरा. ठोक्यांवरून व्यायामाचा भार काढायची बॅनिस्टरचीच ट्रिम्प पद्धत त्यात आहे, धावणाऱ्यांसाठी वेग आणि चढ मिळून भार मोजायची सोय आहे, पोहण्याचीही आहे. पण प्रोग्रॅमची भाषा आणि मांडणी सायकलवाल्याची. धावणाऱ्याला बरेच तक्ते बंद करून स्वतःचे लावावे लागतात. ज्याला आकडेमोडीची हौस आहे त्याला पायथन आणि आर या भाषांत स्वतःचे आलेखही लिहिता येतात.

बसवायला ते एका फाइलचं, ॲपइमेज नावाच्या स्वरूपातलं मिळतं. फाइल उतरवायची, तिला चालवण्याची परवानगी द्यायची, डबल क्लिक करायचं. उबुंटू 22.04 पासून पुढे मात्र नुसत्या डबल क्लिकने काहीच होत नाही, त्रुटीचा संदेशही दिसत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा फ्यूज 2 ही लायब्ररी आता सोबत येत नाही हे असतं. ती वेगळी बसवली की प्रोग्रॅम उघडतो. एवढ्यावरून कितीजणांनी गोल्डनचीटाचा नाद सोडला असेल याची मला हळहळ वाटते. साठवणीच्या बाबतीत त्याची पद्धत मला फार आवडते. प्रत्येक खेळाडूचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक व्यायामाची जेसन स्वरूपातली, मजकुरात वाचता येणारी फाइल, आणि आपण आत घेतलेली मूळ फाइल ‘इम्पोर्ट्स’ फोल्डरात जशीच्या तशी. उद्या प्रोग्रॅम बंद पडला तरी आपलं काही अडकून राहत नाही.

मायटूरबुकचा जीव वाटेत आहे. हे जावावर चालतं, मेमरी बऱ्यापैकी खातं, 4 जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि पहिल्यांदा उघडल्यावर खिडक्यांची इतकी दाटी दिसते की माणूस बिचकतो. पण ट्रेक, लांबच्या सायकल सफरी, घाटातली भटकंती करणाऱ्याला याच्याइतकं समृद्ध दुसरं काही नाही. डावीकडे वर्ष, महिना, सफर अशी वही, मधे नकाशा, खाली चढउताराचा आलेख. आलेखावर माउस फिरवला की नकाशावरचा बिंदू सरकतो. रस्त्याचा रंग वेगाप्रमाणे, चढाप्रमाणे किंवा ठोक्यांप्रमाणे बदलता येतो. कॅमेऱ्यातले फोटो वेळेवरून वाटेवर नेमक्या जागी बसवता येतात. कॅमेऱ्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर ते सरकवायचीही सोय आहे. सफरीला खुणा लावता येतात, देवनागरीत वर्णन लिहिता येतं. हरिश्चंद्रगडाला कुठकुठल्या वाटांनी गेलो, नळीची वाट कधी चढलो, हे दहा वर्षांनी शोधायचं असेल तर हीच वही हवी.

त्यातली ‘ईझी इम्पोर्ट’ ही सोय लिनक्सवाल्याने आवर्जून लावून घ्यावी. घड्याळाचा फोल्डर एकदा दाखवून ठेवला की नवी फाइल दिसताच ती आत घेतली जाते, आणि घेण्याआधी मूळ फाइलची प्रत आपण सांगितलेल्या जागी ठेवली जाते. ही प्रत इथे जास्तच गरजेची, कारण मायटूरबुक सगळ्या नोंदी आपल्या एका डेटाबेसमध्ये घालतं आणि तो डेटाबेस दुसऱ्या प्रोग्रॅमला सहजी वाचता येत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नुसती फाइल उघडून पाहायची असेल तर जीपीएक्स-सी हा छोटा आणि अतिशय चपळ प्रोग्रॅम आहे. फिट, जीपीएक्स, टीसीएक्स सगळं उघडतो, जुन्या लॅपटॉपवर क्षणात चालतो, आणि मिंट किंवा उबुंटूच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच मिळतो. व्यायामाची वही तो ठेवत नाही, तसा दावाही करत नाही. वाट कापणं, जोडणं, पुढच्या सफरीची आखणी यासाठी क्यूमॅपशॅक आणि व्हायकिंग. पायट्रेनर आणि टर्टल स्पोर्ट ही नावं जुन्या सल्ल्यांत नेहमी सापडतात. एकेकाळी त्यांनी लिनक्सवरच्या धावपटूंची मोठी सोय केली, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. जीपीएसबेबल मात्र प्रत्येकाच्या संगणकावर असावं. फाइलींची रूपांतरं करायला त्याला तोड नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: फिटची जीपीएक्स करताना ‘गार्मिन एक्स्टेन्शन्स’चा पर्याय चालू केला नाही, तर ठोके मागे राहतात आणि फक्त वाट पुढे जाते.

प्रोग्रॅम बदलला की आकडे बदलतात, हा अनुभव सगळ्यांना येतो आणि त्यावरून वादही होतात. सिंहगडाचंच घ्या. पुणे शहराची उंची 560 मीटरच्या आसपास, गडाचा माथा सुमारे 1,300. म्हणजे शहरातून निघालेल्या सायकलस्वाराची निव्वळ चढाई 740 मीटरच्या आसपास. मधल्या चढउतारांनी ती थोडी वाढणार हे उघड आहे. पण एकाच फाइलवर एक प्रोग्रॅम आठशेच्या घरातला आकडा दाखवतो आणि दुसरा हजारापुढचा. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. उंचीची नोंद दर सेकंदाला थोडी वरखाली हलत असते. मरीन ड्राइव्हवर तासभर सपाट पळालात, 3,600 नोंदी झाल्या, आणि उंची एक आड एक सेकंद अर्धा मीटर वर, अर्धा मीटर खाली अशी हलली, तर प्रत्येक वाढ जमा करणारा प्रोग्रॅम तुम्हाला 900 मीटर चढाई देईल. ते टाळायला प्रोग्रॅम एक उंबरठा ठेवतात: अमुक मीटरपेक्षा जास्त सलग चढ झाला तरच तो मोजायचा. कुणाचा उंबरठा दोन मीटर, कुणाचा पाच, कुणी आधी आलेख गुळगुळीत करून घेतो. मायटूरबुकमध्ये हे आपल्याला बदलता येतं, आणि माझ्या लेखी हा त्याचा मोठा गुण आहे. बंद पेटीतून आलेल्या आकड्यापेक्षा कसा आला ते दिसणारा आकडा बरा.

उंची कुठून घ्यायची हा पुढचा मुद्दा, आणि सह्याद्रीत तो फार महत्त्वाचा. चांगल्या घड्याळात हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर असतो. तो चढाई उपग्रहांपेक्षा बारकाईने पकडतो. दुसरी वाट म्हणजे फाइलमधली उंची टाकून देऊन अक्षांश-रेखांशावरून नकाशातली उंची बसवणं. यासाठी बहुतेक मुक्त प्रोग्रॅम एसआरटीएमची माहिती वापरतात. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने 11 दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची टिपली, ती ही माहिती. तिची जाळी 90 किंवा 30 मीटरच्या चौकोनांची आहे. देशावरच्या सपाट रस्त्यावर ती उत्तम चालते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर मात्र एकाच चौकोनात जमीन शेकडो मीटर खाली जाते. तिथे जीपीएसची वाट वीस मीटर बाजूला सरकली, जे कड्याच्या सावलीत सहज होतं, तर प्रोग्रॅमच्या हिशेबी तुम्ही कड्यावरून खाली जाऊन परत वर आलेले असता. अशा ट्रेकला बॅरोमीटरची नोंद बदलू नये. पावसाळ्यात याच्या उलट करावं लागू शकतं: घड्याळाच्या बारीक छिद्रात पाणी बसलं की दाबाची नोंद भरकटते, हवा पालटली तरी उंची सरकते, आणि मग साध्या घाटरस्त्यावर एसआरटीएमच जास्त भरवशाची. दोन्ही मार्ग उपलब्ध असलेला प्रोग्रॅम हवा, तो यासाठी.

अंतराचीही अशीच कथा. मॅरेथॉनचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून, वळणांचा सर्वांत आतला भाग धरून मोजतात, आणि तो कमी भरू नये म्हणून वर हजारात एक या प्रमाणात, म्हणजे 42 मीटर, वाढवतात. धावणारा मात्र गर्दीतून वळसे घेत जातो आणि जीपीएसचे बिंदू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डुलत असतात. डुलणारी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच भरते. म्हणून घड्याळात 42.195 च्या पुढे काही शे मीटर दिसले की मार्ग चुकीचा मोजला असं समजू नये. ‘स्मार्ट रेकॉर्डिंग’ लावलेलं असेल तर उलट घाटाची नागमोडी वळणं कापली जातात, कारण बिंदूच कमी असतात. घड्याळात दर सेकंदाची नोंद निवडून ठेवावी. फिट फाइलमध्ये घड्याळाने मोजलेलं अंतर प्रत्येक बिंदूपाशी लिहिलेलं असतं. जीपीएक्समध्ये ते नसतं, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅम ते नव्याने काढतो. एकाच सफरीची दोन अंतरं दिसतात तेव्हा आधी विचारावं, फाइल कुठली दिली होती?

आणखी एक बाब भारतात राहणाऱ्याने तपासलीच पाहिजे, ती वेळेची. जीपीएक्समध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. मुंबई मॅरेथॉन 19 जानेवारी 2025 च्या रविवारी झाली. त्या दिवशी पहाटे पाच वाजता पळायला सुरुवात करणाऱ्याच्या फाइलमध्ये पहिल्या बिंदूची वेळ 18 जानेवारी, 23:30 अशी पडते. प्रोग्रॅमने स्थानिक वेळ नीट लावली नाही तर शर्यत शनिवारी रात्री झाली असं दिसतं. आपल्याकडे उन्हामुळे बरेच धावणारे साडेपाचच्या आत घराबाहेर पडतात, त्यामुळे हा क्वचितचा प्रकार राहत नाही. सोमवारचा पहाटेचा सराव मागच्या आठवड्यात जमा होतो, एक तारखेचा मागच्या महिन्यात, आणि सात दिवसांच्या थकव्याची सगळी सरासरी एका दिवसाने सरकते. नवा प्रोग्रॅम बसवला की पहाटेची एक फाइल टाकून तारीख पाहावी. मायटूरबुक सफरीचा कालविभाग वेगळा धरतं, त्यामुळे परदेशी शर्यतीला जाऊन आलेल्यांच्या नोंदीही नीट बसतात. लिनक्समध्येही कालविभाग ‘एशिया/कोलकाता’ लावलेला आहे ना, ते पाहून घ्यावं.

इतका खटाटोप कशाला, व्यायामाच्या नोंदी ठेवणारं स्ट्राव्हा ब्राउझरमध्ये चालतंच की, असं कुणी म्हणेल. चालतं, आणि वापरावंही. फिट फाइल ओढून टाकली की काम होतं, ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्नच येत नाही. सोबत्यांशी चढाओढ, एकमेकांना शाबासकी, घाटातल्या सेगमेंटवरचा, म्हणजे ठरावीक टप्प्यावरचा, क्रमांक, हे सगळं लॅपटॉपवरचा एकटा प्रोग्रॅम देऊ शकत नाही. आकड्यांत रमणाऱ्यांसाठी रनॅलाइझ आणि इंटरव्हल्स आयसीयू या दोन सेवा ब्राउझरमध्येच गोल्डनचीटाच्या जवळ जाणारं विश्लेषण देतात. जुना लॅपटॉप फार धिमा असेल तर मी आधी याच सुचवीन. माझा आक्षेप एकच: सेवा ही नोंद ठेवायची जागा नव्हे. एंडोमोंडो लाखो लोकांची वही होती. 31 डिसेंबर 2020 ला ती बंद झाली आणि ज्यांनी वेळेत नोंदी उतरवल्या नाहीत त्यांच्या गेल्या. त्याच वर्षी 23 जुलैला गार्मिनवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला, सेवा काही दिवस ठप्प राहिली, आणि जगभरातले लोक केबल लावून फिट फाइल हाताने कॉपी करायला शिकले. लिनक्सवाले ते आधीपासून करत होते. स्ट्राव्हानेही मे 2020 मध्ये सेगमेंटच्या पूर्ण याद्या पैसे भरणाऱ्यांपुरत्या केल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये इतर ॲपना मिळणाऱ्या माहितीवर बंधनं घातली. कंपनीला तसा हक्क आहे. आपल्यालाही आपल्या सगळ्या मूळ फाइल एकत्र उतरवून घ्यायचा पर्याय तिथे खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. तो वर्षातून एकदा तरी वापरावा.

खासगीपणाचा विचार याला जोडूनच येतो. जानेवारी 2018 मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर अफगाणिस्तान, सीरियातले लष्करी तळ उजळून दिसले, कारण तिथले सैनिक तळाभोवती पळताना घड्याळ लावत होते. आपल्या बाबतीत उजळतं ते आपलं घर. रोज पहाटे पाचला एकाच फाटकातून निघणारी रेघ कुणालाही बरंच काही सांगते, आणि एकट्या पळणाऱ्या बाईसाठी ही बाब साधी नाही. घराभोवतीचा भाग लपवायची सोय चालू करावी. कुणाला जीपीएक्स पाठवायची असेल तर आधी क्यूमॅपशॅकमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा कापून टाकावा. एखाद्या क्लबला आपापसांत नोंदी पाहायच्या असतील आणि त्या बाहेर जाऊ द्यायच्या नसतील, तर फिटट्रॅकी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. त्याला सर्व्हर सांभाळणारा एक जाणकार मात्र हवा, आणि तो क्लब सोडून गेला तर पुढे काय हे आधी ठरवायला हवं.

राहिला उलटा प्रवास, संगणकावरून घड्याळाकडे. बीआरएम नावाच्या दोनशे, तीनशे किलोमीटरच्या सायकल फेऱ्यांना जाणाऱ्या सायकलस्वारांना आयोजक मार्गाची जीपीएक्स देतात आणि ती बाइक कॉम्प्युटरमध्ये हवी असते. गार्मिनच्या एज मालिकेत यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. केबल लावायची, ‘गार्मिन’ फोल्डरातल्या ‘न्यूफाइल्स’ फोल्डरात जीपीएक्स टाकायची, आणि केबल काढून यंत्र सुरू केलं की ते स्वतः ती वाचून मार्गांच्या यादीत घेतं. लिनक्सवर कॉपी संपल्याचं दिसलं तरी फाइल पूर्ण लिहून झालेली असतेच असं नाही, म्हणून केबल काढण्याआधी ‘इजेक्ट’ दाबून संदेश येईपर्यंत थांबावं. आणि मार्ग यादीत आला की नाही ते आदल्या रात्रीच उघडून बघावं.